हेड बसवून आलं, तरी पाणी कमी होतंय: ट्रकचं कूलंट नेमकं जातं कुठे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गाडी गोव्यातल्या साखळी गावची, सहा सिलिंडरची टर्बो टिपर, बीएस-3 च्या काळातली. माल भरून चोर्ला घाट चढताना गरम झाली आणि पाणी उकळून बाहेर आलं. गॅरेजमध्ये हेड (सिलिंडरांवरचं झाकण) उतरवलं, फेसिंग केलं म्हणजे त्याची खालची बाजू मशीनवर सपाट केली, हेड गॅस्केट नवीन टाकलं, वॉटर पंप आणि होज बदलले. तेव्हापासून बेळगावच्या प्रत्येक फेरीला दोन-तीन लिटर कूलंट कमी होतं, पण गाडीखाली ओल दिसत नाही. गॅरेजवाला म्हणतो हेड परत उघडू. दुसरा एक जाणकार म्हणतो, रेडिएटरमध्ये लीकेज बंद करायची पावडर टाका. कोणाचं ऐकायचं, असं तुम्ही विचारता.

आज तरी दोघांचंही ऐकू नका. हेड उघडणं हे शोधकाम नव्हे. गळती कुठे आहे हे ठाऊक नसताना हेड उतरवलं की पुरावा पुसला जातो, गॅस्केट सेट वाया जातो, आणि गॅस्केट जागेवर चांगलं निघालं तर मेस्त (मिस्त्री) ते मोकळेपणाने सांगेलच असं नाही. पाण्याला जायला तीनच वाटा असतात: इंजिनाच्या बाहेर, इंजिन ऑइलमध्ये, नाहीतर सिलिंडरमधून सायलेन्सरवाटे हवेत. यातली कुठली, हे हेडला हात न लावता सांगता येतं. त्याला एक थंड सकाळ लागते आणि थोडा धीर.

त्याआधी ही खरोखर गळती आहे का ते बघा. इंजिन उघडून बंद केल्यावर वीस-पंचवीस लिटर पाणी बादलीने भराभर ओतलं की हेडमध्ये, थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) मागे आणि केबिन हीटरच्या पाइपात हवा अडकते. एकदोनदा गरम-थंड झाल्यावर ती निघते आणि लेव्हल खाली जाते. ते एअर लॉक निघणं झालं, गळती नव्हे. पण मग लेव्हल एका जागी थांबायला हवी. तुमची दर फेरीला तेवढीच उतरते, म्हणजे निव्वळ हवेचा प्रश्न नाही.

दुसरा घोळ ड्रायव्हर करतात. पाणी तापलं की फुगतं. पाणी आणि कूलंट निम्मंनिम्मं असेल तर थंडपासून पूर्ण गरम होईपर्यंत साधारण चार टक्के वाढ धरा, म्हणजे पंचवीस लिटरला एक लिटर. वरच्या टाकीत ही जागा मुद्दाम मोकळी सोडलेली असते. ड्रायव्हर ती मोकळी बघतो, त्याला चैन पडत नाही, आणि केरीला चहाला थांबला की गळ्यापर्यंत भरून घेतो. घाट चढताना तो जास्तीचा लिटर ओव्हरफ्लोच्या नळीतून बाहेर. बेळगावला परत भरायचा, येताना परत बाहेर. म्हणून पहिलं काम: सकाळी थंड इंजिनावर टाकीवर मार्करने रेघ मारा, दोन फेऱ्या कोणालाही वाटेत पाणी घालू देऊ नका (लेव्हल खालच्या खुणेच्या वर आहे तोवर), आणि परत सकाळीच मोजा. गरम गाडीवर घेतलेली लेव्हल कामाची नाही. गरम कॅप उघडण्याबद्दल तर बोलायलाच नको. दाबाखालचं पाणी कॅप सैल होताक्षणी वाफ होऊन उसळतं आणि त्यात तोंड-हात भाजलेली माणसं घाटात दर उन्हाळ्यात सापडतात.

आता रेडिएटरची कॅप. तुमच्या वर्णनात पाणी जातं पण ओल दिसत नाही, त्यामुळे माझा पहिला संशय इथेच आहे. कॅपवर 0.5, 0.7 किंवा 1.0 असा बारमधला आकडा कोरलेला असतो. त्या आकड्यावर उकळण्याचा बिंदू ठरतो. समुद्रसपाटीला उघडं पाणी 100 अंशांना उकळतं. चोर्ल्याच्या माथ्यावर, साधारण 800 मीटर उंचीवर, ते 97 च्या आसपासच उकळतं. तेच पाणी अर्ध्या बारच्या दाबाखाली 111 ला आणि एक बारखाली 120 ला उकळतं. कॅपचं रबर कडक झालं असेल, स्प्रिंग मेली असेल किंवा रेडिएटरच्या गळ्याला पोचा आला असेल तर दाब धरलाच जात नाही. सपाटीवर काही कळत नाही. घाटात लोडवर हेडमधल्या सगळ्यात गरम जागी, एग्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आजूबाजूला, पाणी उकळायला लागतं, वाफ नळीने बाहेर जाते, वाऱ्यावर उडते. साखळीला पोचेपर्यंत सगळं सुकलेलं. इंजिनावर एवढा खर्च होतो आणि कॅप तीच जुनी परत फिरवून बसवतात, हे मी कितीदा तरी बघितलंय.

कॅप प्रेशर टेस्टरवर लावून बघा. आकड्याच्या आधीच सोडत असेल तर फेकून द्या. नवीन घेताना तोच आकडा घ्या. जास्त दाबाची कॅप म्हणजे जास्त चांगली, असं काही नाही. त्याने जुना रेडिएटर फुटतो. कॅपमध्ये एक लहान व्हॅक्यूम व्हॉल्व्हसुद्धा असतो. गाडी थंड झाल्यावर वरचा होज चपटा झालेला दिसला तर तो व्हॉल्व्ह अडकलाय.

कॅप ठीक निघाली तर थंड प्रेशर टेस्ट. हातपंप आणि घड्याळवाला टेस्टर रेडिएटरच्या गळ्यावर बसवायचा, कॅपवर जेवढा आकडा आहे तेवढाच दाब भरायचा, आणि अर्धा तास काटा बघत बसायचं. फोंड्याला, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीच्या आसपास किंवा म्हापशाला मोठ्या गाड्यांची कामं करणाऱ्या गॅरेजांत हा टेस्टर मिळतो. नसेल त्या गॅरेजवर इंजिनचं मोठं काम सोपवताना दोनदा विचार करा. टेस्ट थंड इंजिनावरच करायला सांगा. काही गळत्या थंडीतच होतात: रबर आणि लोखंड वेगवेगळे आकुंचन पावतात आणि क्लिपखाली बारीक फट पडते. इंजिन गरम झालं की ती फट मिटते, मेस्त म्हणतो काहीच नाही. गाडी रात्रभर गळते आणि सकाळी जमिनीवर चार थेंब असतात, तेही लाल मातीत जिरून जातात. खाली पुठ्ठा टाकून ठेवा.

टेस्टच्या आदल्या दिवशी इंजिन धुऊन वाळवून घ्या. पंखा पुढून मागे वारा मारतो, त्यामुळे पुढच्या होजचं पाणी गिअरबॉक्सवर सापडतं आणि माणूस तिथेच शोधत बसतो. ओल दिसली की तिच्या वर आणि तिच्या पुढे बघायचं. थेंब सापडला नाही तर डाग शोधा. कूलंट सुकल्यावर पांढरट, हिरवट किंवा गुलाबी पापुद्रा राहतो. टर्बोच्या किंवा मॅनिफोल्डच्या जवळ गळत असेल तर थेंब पडायच्या आधीच वाफ होते, पण गोडसर वास येतो, आणि तो कूलंटचाच असतो.

शोधायला सुरुवात गॅरेजने जिथे हात लावला तिथून करा. दुरुस्तीनंतरची गळती बहुतेक वेळा दुरुस्तीच्याच रस्त्यावर असते. नवीन होज जुन्या तोटीवर चढवला असेल आणि तोटीवर गंजाचे पोपडे तसेच असतील, तर क्लिप कितीही आवळली तरी पाणी झिरपतं. तोटी पॉलिशपेपरने घासून कोरडी करायची. तिथे सिलिकॉन थापायचं नाही. थर्मोस्टॅट हाउसिंगच्या कडेने सिलिकॉनची जाड दोरी बाहेर आलेली दिसली, तर तेवढीच आतही गेलेली असणार हे लक्षात घ्या. तो तुकडा सुटून रेडिएटरच्या नळीत किंवा थर्मोस्टॅटमध्ये जाऊन बसतो. सिलिकॉन सुकायला दिलेली वेळ न पाळता लगेच पाणी भरलेलं असतं, हा आणखी एक प्रकार. मालक बाहेर उभा असतो, चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर आलेली असते, कोण थांबणार.

वॉटर पंपाच्या खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं. ते सील गेल्याचं सांगण्यासाठीच ठेवलेलं असतं. नवीन पंपातून पहिल्या एक-दोन तासांत थोडी ओल दिसली तर सील बसतंय म्हणून सोडून द्या. नंतरही थेंब येत राहिला तर पंप बदला, आणि ते भोक एमसीलने बुजवू नका. तसं करणारे महाभाग आहेत. त्या पंपाचं पाणी मग बेअरिंगमध्ये जातं आणि एक दिवस पंखा रेडिएटरमध्ये घुसतो. नवीन पंप लवकर गळायला लागला तर बेल्ट जास्त ताणलाय का तेही बघा.

मग ब्लॉकच्या बाजूचे कोअर प्लग, म्हणजे पत्र्याच्या त्या वाट्या, ज्यांना आपल्याकडे डमी म्हणतात. सगळ्यात त्रासदायक मागची डमी. ती फ्लायव्हील हाउसिंगच्या आड असते, दिसत नाही. तिथून गळलेलं पाणी बेल हाउसिंगच्या खालच्या भोकातून येतं, आणि कधी क्लच प्लेटवर जाऊन क्लच स्लिप व्हायला लागतो. ब्लॉक कॉस्टिकमध्ये धुतला असेल आणि डम्या जुन्याच ठेवल्या असतील तर हे व्हायचंच, कारण गंजाने पातळ झालेल्या पत्र्याला तो गंजच धरून होता. तुमचं फक्त हेडचं काम झालंय, पण प्रेशर टेस्टमध्ये काटा उतरतोय आणि बाहेर काही दिसत नाही, असं झालं तर टॉर्च घेऊन त्या भोकात बघाच.

काटा अर्धा तास हलला नाही, तर इंजिन गरम करून परत एकदा. तरीही हलला नाही तर बाहेरची वाट जवळपास बंद झाली.

आता ऑइल. डिपस्टिकवर दुधाळ चहासारखा थर असेल तर गाडी तिथेच थांबवायची, एक फेरीसुद्धा नाही. कूलंटमधलं ग्लायकॉल बेअरिंगची वाट लावायला फार वेळ घेत नाही. मात्र फक्त ऑइल भरायच्या झाकणाखाली थोडी पिवळट साय दिसली आणि डिपस्टिक स्वच्छ असली तर घाबरू नका. आपल्याकडे पावसाळ्यात, गाडी जवळजवळच्या फेऱ्या मारत असेल तर, हवेतल्या ओलाव्याची ती साय धरते. खात्री करायला गाडी रात्रभर उभी ठेवा, सकाळी स्टार्टर न मारता सम्पचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा) ड्रेन प्लग हळूच सैल करा. पाणी जड, ते तळाशी बसलेलं असतं. आधी पाणी आलं तर उत्तर मिळालं. ऑइलचा थेंब तापलेल्या तव्यावर टाकला आणि तडतडला तरी त्यात पाणी आहे.

ऑइलमध्ये पाणी म्हटलं की सगळे हेड गॅस्केट म्हणतात. मी आधी ऑइल कूलर म्हणतो, म्हणजे कूलंटने ऑइल थंड करणारा भाग. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब कूलंटपेक्षा कितीतरी जास्त असतो, तीन-चार बार विरुद्ध एकाहून कमी. म्हणून कूलर फुटला की चालू गाडीत ऑइल पाण्यात जातं आणि रेडिएटरच्या टाकीत काळपट लोणी तरंगतं. गाडी बंद केली की ऑइलचा दाब शून्य होतो, कूलंटचा काही काळ राहतो, आणि मग पाणी ऑइलमध्ये उतरतं. दोन्हीकडे दोन्ही सापडलं की कूलर उतरवून पाण्यात बुडवून हवा भरून बघा. रेडिएटरमध्ये ऑइलचा मागमूस नाही, पण ऑइलमध्ये रोज थोडं पाणी, असं असेल आणि इंजिन वेट लायनरचं असेल (म्हणजे सिलिंडरची नळी वेगळी बसवलेली आणि तिच्या बाहेरून थेट पाणी फिरणारं), तर लायनरच्या खालच्या ओ-रिंगा किंवा लायनरला पडलेलं सुईएवढं भोक. कमिन्सच्या 5.9 लिटर बी सिरीजसारख्या इंजिनात लायनरच नसतो, बोअर थेट ब्लॉकमध्ये असतो, तिथे ओ-रिंगांचा प्रश्न येत नाही. तुमचं इंजिन कुठलं ते बघून घ्या. गॅरेजवाला लायनरचं नाव घेऊन बिल वाढवायच्या आधी एवढं कळलेलं बरं.

तिसरी वाट, सिलिंडर. पाणी सिलिंडरमध्ये जात असेल तर सकाळी पहिल्या स्टार्टला पांढरा धूर बराच वेळ राहतो, गोडसर वास येतो, एखादा सिलिंडर मिस मारतो. पहिल्या स्टार्टला इंजिन अर्ध्यात ठक्क करून अडलं तर परत चावी फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी साचलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरवायचं. पाणी कुठल्या भोकातून उडतं तो सिलिंडर.

पण बहुतेक वेळा उलट होतं: कॉम्प्रेशनचा गॅस पाण्यात घुसतो, पाण्याला ढकलून ओव्हरफ्लोने बाहेर काढतो. खूण अशी की थंड गाडी चालू केल्यावर दोन-तीन मिनिटांत, पाणी कोमटसुद्धा झालेलं नसताना, वरचा होज दगडासारखा कडक होतो. थंड असतानाच कॅप काढून गाडी चालू केली तर गळ्यात बुडबुडे दिसतात. इथे गॅरेजवाला म्हणतो, बघा साहेब, बुडबुडे, हेड गॅस्केट. आणि इथेच मला तुम्हाला थांबवायचंय.

तुमच्या गाडीला एअर ब्रेक आहे, म्हणजे एअर कॉम्प्रेसर आहे. कॉम्प्रेसरचं हेड बऱ्याच ट्रकांत इंजिनाच्याच कूलंटने थंड होतं. त्या छोट्या हेडचं गॅस्केट गेलं किंवा हेडला चीर गेली की सात-आठ बारची हवा थेट कूलंटमध्ये शिरते. बुडबुडे तसेच, कडक होज तसाच, पाणी बाहेर टाकणंही तसंच. फेसिंग करून चांगलं बसवलेलं हेड या कारणाने परत उघडलं जातं, नवीन गॅस्केट पडतं, आणि बुडबुडे येतच राहतात. मग ब्लॉक फुटलाय अशी बातमी मालकाच्या कानावर येते.

दोघांतला फरक ओळखायला पैसे लागत नाहीत. गाडी सपाटीवर, चाकांना पुढेमागे दगड. हवेच्या टाक्यांचे ड्रेन उघडून हवा पूर्ण सोडा, मग बंद करा. थंड इंजिनावर कॅप काढून गाडी चालू करा आणि एक माणूस हवेच्या मीटरकडे, एक रेडिएटरच्या गळ्याकडे. बुडबुडे हवेच्या काट्याबरोबर वाढत गेले आणि टाकी भरून अनलोडरने (टाकी भरली की कॉम्प्रेसरचं हवा भरणं थांबवणाऱ्या व्हॉल्व्हने) फुस्स केल्यावर एकदम कमी झाले, तर चोर कॉम्प्रेसर. हवेच्या काट्याशी त्यांचं देणंघेणं नसेल, आणि ॲक्सिलेटर दाबला की वाढत असतील, तर संशय हेडकडे. पाणी गरम व्हायला लागायच्या आत हे उरकायचं आणि तोंड गळ्यावर धरायचं नाही.

याच्यावर पक्की मोहोर म्हणजे ब्लॉक टेस्ट. निळ्या रंगाचं द्रव असलेली काचेची नळी गळ्यावर धरून आतली हवा त्यातून खेचतात. ज्वलनाच्या गॅसमधला कार्बन डायऑक्साइड आला तर निळ्या द्रवाचा रंग बदलतो: पेट्रोलला पिवळा, डिझेलला बहुधा हिरवा किंवा हिरवट-पिवळा. कॉम्प्रेसरची साधी हवा रंग बदलत नाही. बुडबुडे येतायत आणि रंग निळाच, तर हेडला हात लावू देऊ नका. डिझेलला रंग सावकाश बदलतो, म्हणून इंजिन थोडं लोडवर घेऊन करायला सांगा, आणि कूलंट नळीत खेचलं जाऊ देऊ नका, नाहीतर टेस्ट वाया.

तुमच्या गाडीला ईजीआर कूलर (धुराचा काही भाग परत इंजिनात घेण्याआधी तो कूलंटने थंड करणारा भाग) असण्याची शक्यता कमी, पण 2017 नंतरच्या बीएस-4 मधल्या काही आणि 2020 पासूनच्या बीएस-6 मधल्या बऱ्याच गाड्यांत तो असतो, आणि खाली ओल नाही, ऑइल स्वच्छ, पाणी गायब, या त्रिकुटाचं तिथे तो पहिलं कारण असतो. वाचणाऱ्या इतरांसाठी सांगितलं.

समजा रंग बदलला आणि हेड खरंच काढायचं ठरलं. तर या वेळी आकडे मागा. फेसिंग फक्त हेडचं झालं होतं की ब्लॉकचा वरचा फेसही सरळपट्टी आणि फीलर गेजने तपासला होता? गरम झालेल्या इंजिनात दोन्ही वाकू शकतात. फेसिंगनंतर हेडची जाडी किती उरली, कंपनीच्या किमान मापाच्या वर आहे का? हेडला गरम पाण्यात प्रेशर टेस्टिंग झालं का? दोन व्हॉल्व्हसीटच्या मधली केसाएवढी चीर थंडीत दिसत नाही, गरम झाल्यावर उघडते. वेट लायनर असेल तर प्रत्येक लायनर ब्लॉकच्या वर किती उभा आहे ते डायल गेजने मोजलं का? हा फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजायचा असतो, आणि शेजारचे दोन लायनर वेगवेगळ्या उंचीवर असतील तर कितीही चांगलं गॅस्केट तिथे दम टाकतं.

बोल्टांकडे तर कोणीच बघत नाही. ब्लॉकच्या बोल्टभोकांत पाणी किंवा ऑइल साचलेलं असताना बोल्ट आवळला की तो द्रवावर अडतो. टॉर्क रेंच कटकन वाजते, मेस्त समाधानाने पुढे जातो, आणि हेड मुळात दाबलेलंच नसतं. कधी भोकाच्या तळाशी ब्लॉकला तडा जातो. भोकं हवेने साफ करून कोरडी करायची. काही भोकं थेट पाण्याच्या जॅकेटमध्ये उघडतात, त्या बोल्टांच्या आट्यांना सीलंट लावायचं असतं, नाहीतर पाणी आट्यांवाटे वर चढतं. बोल्ट ताणलेत का, लांबी मोजून ठरवायचं. आवळायचे मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने, मॅन्युअलमधल्या क्रमाने. आणि त्या गॅस्केटला रिटॉर्क (गाडी थोडी चालल्यावर बोल्ट परत आवळणं) सांगितला असेल तर तो कधी करायचा ते बिलावर लिहून घ्या. मी पान्याच्या दांड्याला पाइप लावून अंदाजाने आवळणारे हातही बघितलेत. ते हात अनुभवी असतात, पण सव्वीस बोल्ट सारखे आवळणं अंदाजाने होत नाही.

आणि एक प्रश्न राहतोच. गाडी मुळात तापली का? हेड गॅस्केट आपणहून क्वचितच जातं, त्याला कोणीतरी तापवलेलं असतं. रेडिएटरच्या जाळीत खाणीवरची लाल धूळ ऑइलच्या थराबरोबर लिंपली गेली असेल तर बाहेरून फुंकून निघत नाही, रेडिएटर उतरवून मागून पुढे धुवावा लागतो. फॅन क्लच घसरत असेल. थर्मोस्टॅट "गाडी थंड राहावी" म्हणून काढून टाकलेला असेल. ही आपल्याकडची जुनी खोड. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट काढल्यावर बायपास उघडाच राहतो, पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं आणि घाटात गाडी उलट जास्त तापते.

तुमची गाडी गोव्यातल्या खाणबंदीत किती काळ उभी होती ते तुम्ही लिहिलं नाही. 2012 ला आणि परत मार्च 2018 पासून साखळी, पाळी, उसगावकडे ट्रक दारात उभे राहिले, ते अनेकांचे साध्या पाण्यावरच. विहिरीचं पाणी भरून वर्षानुवर्षं उभ्या इंजिनात गंजाचा गाळ धरतो. किनाऱ्याकडच्या, खाजनाजवळच्या (खाऱ्या पाण्याकाठच्या सखल जमिनीजवळच्या) विहिरींच्या पाण्यात क्षारही असतो आणि तो ॲल्युमिनियम खातो. अशा गाडीत इतकी वर्षं दाब धरलाच जात नव्हता. आता नवीन पंप, नवीन होज आल्यावर पूर्ण दाब तयार होतो आणि जिथे पत्रा सगळ्यात पातळ तिथून पाणी वाट काढतं: रेडिएटरची नळी, हीटर कोअर, डमी. मालकाला वाटतं गॅरेजने नवीन बिघाड केला. गॅरेजवाल्यांची बाजू घ्यावीशी वाटते ती इथे.

म्हणून गळती सापडली की सिस्टिम फ्लश करून इंजिन बनवणाऱ्या कंपनीने सांगितलेलं कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मंनिम्मं भरा. गोव्यात पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असं म्हणतात. गंज आणि लायनरला पडणारी छिद्रं थांबवायला, आणि उकळबिंदू वर न्यायला. लायनर थरथरतो, त्याच्या पाण्याकडच्या बाजूला बारीक बुडबुडे फुटत राहतात आणि लोखंड टोचून काढतात. कूलंटमधली द्रव्यं तिथे थर धरतात. रंगावरून जुळवू नका. हिरवं-लाल मिसळून कधी जेलीसारखा गाळ होतो. ओढ्यावर भरलेला पाण्याचा कॅन आणीबाणीपुरता, आणि घरी आल्यावर ते पाणी बदलायचं. काढलेलं कूलंट गटारात किंवा शेताच्या बांधावर ओतू नका. चवीला गोड असतं, कुत्री-गुरं पितात आणि मरतात.

राहिली पावडर. रेडिएटरमध्ये हळद टाकणारे जुने ड्रायव्हर मला माहीत आहेत, आणि रेडिएटरच्या एखाद्या भोकावर ती रात्रीपुरती चाललेलीही आहे. पण पावडरला गळती आणि ऑइल कूलरची अरुंद नळी यांतला फरक कळत नाही. घाटात चालणाऱ्या लोडच्या गाडीत ती टाकली तर आज पाणी थांबेल आणि पुढच्या महिन्यात गाडी परत तापेल. शिवाय नंतर टेस्ट करायची म्हटली तर आत सगळा चिखल.

तुमच्या जागी मी असतो तर आधी टाकीवरची रेघ, मग कॅप आणि गळा, मग थंड प्रेशर टेस्ट, मग हवेच्या काट्याचा प्रयोग, आणि शंका उरलीच तर ब्लॉक टेस्ट. माझा अंदाज विचाराल तर कॅप, नाहीतर कॉम्प्रेसर. हेड तिसरं. गॅरेजवाल्याला सांगा, निळ्या द्रवाचा रंग माझ्यासमोर बदलून दाखव, मग हेड उघड. फेरी चालू ठेवायचीच असेल तर निदान रेघेचे आकडे येईपर्यंत घाटावर लोड कमी घ्या, आणि काटा लाल पट्ट्याकडे सरकला की ड्रायव्हरने बाजूला घेऊन, लगेच बंद न करता, दोन-तीन मिनिटं आयडलवर ठेवायची. फक्त पाणी आधीच निघून गेलेलं दिसलं, किंवा होज फुटलेला असला, तर लगेच बंद.